ओके डिंगीसाठी कार्बन मास्ट: ६८ किलोचा माणूस, नाशिकचा वारा, कुठला घ्यावा?

गंगापूर_वारा

नमस्कार मंडळी. माझ्याकडे प्लायवूडची ओके डिंगी, म्हणजे शिडाची छोटी बोट, आहे. बोट जुनी आहे, पण हल (बोटीचं मूळ अंग) घट्ट आहे आणि वजनात बसतो. डोलकाठी, म्हणजे मास्ट, मात्र अजून अल्युमिनियमची. सराव गंगापूर धरणावर, शर्यती खडकवासल्याला किंवा मुंबईला. आता कार्बनचा मास्ट घ्यायचं नक्की केलंय आणि समोर तीन वाटा आहेत.

मुंबईत एक वापरलेला कार्बन मास्ट मिळतोय. किंमत परवडेल अशी आहे, पण मूळ मालक नव्वदीच्या पुढच्या वजनाचा. दुसरी वाट म्हणजे न्यूझीलंडहून नवीन मागवायचा. तिथल्या सी-टेक कंपनीचे मास्ट या प्रकारच्या बोटींच्या वर्गात बरेच दिसतात. तिसरी, आपल्याच नाशिकच्या अंबड किंवा सातपूरला फायबरचं काम करणाऱ्या कुणाकडून बनवून घ्यायचा.

माझं वजन ६८ किलो. शीड सध्याच्या अल्युमिनियम मास्टला जुळवून शिवलेलं आहे. काठीचं वजन किती कमी झालं की बोटीत फरक जाणवतो आणि तिघांपैकी कशाला हात घालावा, हे जाणकारांनी सांगावं.

कुलाबा_ते_नाशिक

तुमचा पहिला प्रश्न वजनाचा आहे. मी तो दुसऱ्या नंबरला टाकेन. पहिला प्रश्न वाकण्याचा.

ज्यांना ओके माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डेन्मार्कच्या क्नूड ओल्सन यांनी १९५७ च्या सुमारास केलेलं हे डिझाइन. चार मीटरची, एकट्याने चालवायची, एकच शीड असलेली बोट. १९८२ च्या दिल्ली एशियाडमधल्या शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, त्यात हा वर्ग होता. हिच्या मास्टला तारा नसतात, ना बाजूला ना पुढे. डेकमधल्या भोकातून खाली खोबणीत उभा केला की झालं. त्यामुळे शिडावरचा सगळा जोर ती काठी एकटी झेलते, आणि किती वाकून झेलते यावर बोटीचा वेग ठरतो.

वाकणं दोन दिशांचं असतं आणि दोन्हींचं काम वेगळं. पुढे-मागे वाकणं तुमच्या हातात आहे. मेनशीट (शीड ओढून धरायची मुख्य दोरी) ताणली, किकर (शिडाखालची आडवी काठी, म्हणजे बूम, खाली खेचणारी दोरी) ओढला की काठी मधून पुढे जाते, शीड सपाट होतं आणि ताकद कमी होते. आडवं वाकणं वाऱ्याच्या हातात आहे. झोत आला की वरचा भाग वाऱ्याखाली झुकतो, लीच (शिडाची मागची कड) उघडते आणि जास्तीचा वारा वरून निघून जातो. हलक्या माणसाला हे दुसरं वाकणं जीवदान आहे. नव्वद किलोचा खलाशी ज्या झोतात बोट सपाट धरून पुढे काढतो, त्याच झोतात ६८ किलोच्या माणसाला कडक काठीमुळे मेनशीट सोडावी लागते. दर झोताला शीट सोडली की दर झोताला चार हात मागे पडायचं.

म्हणून वापरलेल्या मास्टबद्दल माझं मत, किंमत कितीही बरी असो, वाकण्याचं माप घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि गंगापूरचा वारा लक्षात घ्या. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो तो बरा, बराचसा सलग असतो. पण पावसाळ्याच्या तोंडाला अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या बाजूने येणारा वारा डोंगरांवर आपटून तुटक होऊन येतो. आत्ता सहा नॉट, पुढच्या क्षणी पंधरा, आणि दिशाही दहा-पंधरा अंश फिरलेली. मुंबईच्या बंदरात अशी उलथापालथ कमी असते. तुटक वाऱ्यात वरचा भाग चटकन झुकणारी आणि चटकन सरळ होणारी काठी हवी. कार्बनचा खरा फायदा मला तिथे दिसतो. अल्युमिनियमही झुकतं, पण जड असल्यामुळे सावकाश परत येतं, तोवर झोत संपलेला असतो.

लेकीची_आई

मध्येच विचारते, रागावू नका. माझी मुलगी आयएलसीए ६ चालवते. तिच्यासाठीही कार्बनचा मास्ट मिळतो का? तिच्या सध्याच्या मास्टचा वरचा तुकडा जोडाजवळ वाकलाय.

खडकवासला_किनारा

ताई, आयएलसीए म्हणजे जुनी लेझर. त्या वर्गात निवडीला जागा नाही. सगळ्यांची बोट सारखी असावी यासाठीच तो वर्ग आहे. खालचा तुकडा आणि शीड बदलून ४, ६ आणि ७ अशी तीन रिग (काठी-शिडाचे संच) होतात, अल्युमिनियमचा वरचा तुकडा तिन्हींना एकच. तो जोडाच्या रिव्हेटजवळ कायमचा वाकतो ही जगभरची जुनी तक्रार आहे. त्यासाठीच २०१७ पासून कॉम्पोझिटचा (धागा आणि रेझिनचा) वरचा तुकडा वापरायला वर्गाने परवानगी दिली. तो घ्यायचा तर वर्गाची मान्यता असलेल्या उत्पादकाचाच घ्या, बाहेरून बनवलेला शर्यतीत चालणार नाही. नेत्रा कुमानन टोकियोला याच बोटीतून उतरल्या होत्या, तेव्हा तिला लेझर रेडियल म्हणत. मुलीला सांगा, बोट तीच आहे.

तोवर जुना तुकडा दर वेळी अर्धा वळसा फिरवून लावा, म्हणजे एकाच दिशेला वाकत जाणार नाही. रिव्हेटच्या भोकापाशी बारीक चीर दिसली तर मात्र तो वापरू नका.

मूळ धाग्याबद्दल: बनवून घेणार असाल तर आधी ओकेचे चालू नियम समोर ठेवा. मापाच्या पट्ट्यांच्या जागा, काठीची जाडी, सगळं नियमात बसलं पाहिजे. अनेक वर्गांत काठीचं किमान वजन आणि गुरुत्वमध्याची किमान उंचीही ठरलेली असते, फिन नावाच्या बोटीच्या वर्गात तसंच आहे. नियमापेक्षा हलकी काठी केली तर शिसं चिकटवून ती जड करावी लागते.

अंबडचा_फायबरवाला

मी कॉम्पोझिटचं काम करतो. बोटींचं नाही, यंत्रांच्या नळ्या आणि रोलर. तरी तिसऱ्या वाटेबद्दल मला सांगता येईल.

आधी साधा हिशोब. अल्युमिनियमची घनता २.७, कार्बन-इपॉक्सीची साधारण १.५५ ते १.६. अल्युमिनियमचा मॉड्युलस, म्हणजे पदार्थाच्या ताठपणाचा आकडा, ७० गिगापास्कल. बहुतांश धागे लांबीच्या दिशेने असलेल्या, साध्या धाग्याच्या कार्बन नळीत ९५-१०० सहज मिळतो. म्हणजे तोच व्यास ठेवून २.८ मिमी जाडीच्या अल्युमिनियम नळीइतका कडकपणा २ मिमी कार्बनमध्ये येतो, आणि वजन निम्म्याहून कमी भरतं. शिवाय हे कमी झालेलं वजन उंचावरचं आहे. डोलण्याच्या जडत्वात अंतराचा वर्ग येतो, म्हणून टोकाचे दोनशे ग्रॅम डेकजवळच्या दोन किलोपेक्षा जास्त बोलतात. बोट उलटली तरी काठी पटकन पाण्याखाली जात नाही, फक्त टोक आणि बूड फोमने बंद केलेलं हवं.

आता धाग्यांची दिशा. लांबीच्या दिशेचे धागे वाकण्याला विरोध करतात. ४५ अंशाचे धागे पिळाला. आणि गोल गुंडाळलेले, म्हणजे ९० अंशाचे, नळी चेपू देत नाहीत. बरेच जण हा तिसरा थर वाचवतात आणि डेकच्या भोकापाशी नळी अंडाकृती होऊन चिरते. तुमच्या काठीत सगळ्यात जास्त वाकणारा जोर डेकपाशीच आहे, कारण तारा नाहीत. तिथे आणि बूम जोडायच्या जागी जादा थर हवेत, आणि ते एकदम न संपवता पायरी-पायरीने संपवायला हवेत. थर जिथे अचानक संपतो, तिथून चीर निघते.

धागा कुठला? 'हाय मॉड्युलस' असं ऐकलं की लोक भारावतात. टी७०० सारख्या साध्या धाग्याचा मॉड्युलस २३० गिगापास्कल आणि तुटेपर्यंतचा ताण २.१ टक्के. एम४०जे चा मॉड्युलस ३७७, पण १.२ टक्क्याला तो तुटतो. तुमच्या काठीला आयुष्यभर वाकायचंच आहे. त्यासाठी साधा धागाच योग्य. कडकपणा वाढवायचा असेल तर व्यास थोडा वाढवा. तीच जाडी ठेवून व्यास दहा टक्के वाढला की कडकपणा ३३ टक्के वाढतो.

आता नाशिकमध्ये बनवण्याबद्दल. सरळ, एका व्यासाची नळी इथे चांगली होईल. पण तुम्हाला वर निमुळती होत जाणारी, पुढे-मागे वेगळी आणि आडवी वेगळी वाकणारी काठी हवी. त्यासाठी निमुळता मँड्रेल (ज्यावर धागा गुंडाळतात तो गाभा) हवा, आणि एका काठीसाठी त्या साच्याचा खर्च काठीपेक्षा जास्त होईल. चार-पाच जण मिळून करणार असाल तर गोष्ट वेगळी.

दुसरा मुद्दा उन्हाचा, आणि यावर मला जोर द्यायचा आहे. हाताने रेझिन लावून खोलीच्या तापमानाला सुकवलेलं इपॉक्सी ५५-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. मे महिन्यात नाशिकला पारा चाळिशीला जातो, आणि काळी नळी उन्हात ठेवली की तिचा पृष्ठभाग ७० अंशांवर सहज जातो. अशा काठीवर शीड ताणून ठेवलं तर ती वाकलेली राहील. म्हणून नंतर भट्टीत ठेवून पोस्ट-क्युअर केलंच पाहिजे, रेझिनच्या माहितीपत्रकात दिलेल्या तापमानाला आणि तितके तास. एमआयडीसीत पावडर कोटिंगच्या लांब भट्ट्या आहेत, पण त्या १८०-२०० अंशांना चालतात. ऐंशीला लावून तास-तास धरायला भट्टीवाला तयार हवा. विकत मिळणारे चांगले मास्ट प्रीप्रेगचे (आधीच रेझिन मुरवलेल्या धाग्यांचे), साधारण १२० अंशांना पक्के केलेले असतात. त्यांना आपल्या उन्हाची भीती नाही. तरी अतिनील किरणांनी इपॉक्सी खराब होतंच. वरचं क्लिअर कोट शाबूत ठेवा आणि बोट किनाऱ्यावर असताना काठीला पांढरं कापड गुंडाळा.

गंगापूर_वारा

फायबरवाले दादा, मनापासून आभार. तिसरी वाट सध्या बाजूला ठेवतो. काका, वाकण्याचं माप घरी घेता येतं का? नेमकं कसं?

कुलाबा_ते_नाशिक

येतं. काठी आडवी ठेवायची. एक आधार डेकच्या पातळीला, दुसरा टोकाजवळ वरच्या पट्टीपाशी. दोन आधारांमध्ये दोरा ताणून बांधायचा. बरोबर मध्यावर दहा किलो टांगायचे आणि दर ५० सेंटिमीटरला दोऱ्यापासून काठी किती खाली गेली ते मोजून लिहायचं. शिडाची खाच वर ठेवून एकदा, म्हणजे पुढे-मागेचं माप मिळतं. मग काठी नव्वद अंशांत फिरवून पुन्हा, ते आडवं. शेवटी बूड घट्ट धरून टोकाला थोडं वजन टांगा, त्यावरून वरचा तिसरा हिस्सा किती मऊ आहे ते कळतं. दोन काठ्यांची तुलना करायची तर आधारांचं अंतर आणि वजन अगदी तेच ठेवा. अंतर थोडं बदललं तरी आकडे फार बदलतात.

हे आकडे हातात आल्यावर शीडवाल्याला पाठवा. शिडाची पुढची कड, म्हणजे लफ, सरळ नसते. काठीच्या वाकण्याइतकी तिला गोलाई देऊन शिवतात. काठी त्या गोलाईपेक्षा जास्त वाकली तर क्ल्यूकडून (शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्याकडून) लफच्या मध्याकडे तिरप्या सुरकुत्या पडतात. कमी वाकली तर शीड फुगलेलं राहतं आणि वाऱ्याकडे चढत नाही. तुमचं सध्याचं शीड अल्युमिनियमसाठी शिवलंय. नवी काठी त्यापेक्षा वेगळी वाकली तर तेच शीड वाईट दिसेल आणि दोष काठीला मिळेल. काठी आणि शीड ही एकाच खरेदीची दोन बिलं आहेत असं धरून पैसे बाजूला काढा. शीड लगेच नवं नको, निदान लफ पुन्हा कापून घेण्याचा खर्च तरी धरा.

गोदेकाठचा

वापरलेली काठी बघायला जाल तेव्हा नाण्याने टकटक करत वरून खालपर्यंत जा. चांगला भाग खणखणीत वाजतो, आत थर सुटलेला भाग बद्द वाजतो. डेकच्या कड्याशी झिजली आहे का, हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) बाहेर येते त्या खाचेच्या कोपऱ्यांना चीर आहे का, बूमच्या भोकांभोवती पांढरट रेघा आहेत का, हे बघा. लांबीच्या दिशेने चाललेली चीर दिसली तर सरळ परत या. हलवून बघा, आत पाणी खळखळलं तर कुठेतरी भोक आहे.

खडकवासला_किनारा

+१. आणि धातूच्या फिटिंग. कार्बन आणि अल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की अल्युमिनियम खाल्लं जातं. गंगापूरचं गोडं पाणी तसं दयाळू, पण तुम्ही मुंबईला जाता. रिव्हेट मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) वापरा, फिटिंगखाली काचेच्या कापडाचा पातळ थर किंवा टेफ-जेल (गंजरोधक मलम) ठेवा, आणि समुद्रातून आल्यावर काठी आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवा.

अंबडचा_फायबरवाला

एक सुरक्षेची गोष्ट राहिली. कार्बन विजेचा वाहक आहे. अल्युमिनियमही आहे, पण कार्बन म्हणजे 'फायबर', म्हणजे प्लास्टिकसारखंच, असा समज मी शिकलेल्या माणसांतही पाहिलाय. काठी उभी करून बोट ढकलत नेताना वर तारा नाहीत ना ते बघा. धरणांच्या किनाऱ्याला शेतीपंपांच्या लाइन खूप खाली आलेल्या असतात. आणि वळवाच्या दिवसांत गडगडाट ऐकू आला की किनाऱ्याला या.

काठी घासायची वेळ आली तर मास्क घाला आणि पाणी लावून घासा. ती धूळ फुफ्फुसाला वाईट, आणि मोटरमध्ये किंवा स्विचबोर्डमध्ये गेली तर शॉर्ट करते.

कसारा_घाट

वाहतुकीचं बोलतो. मी गाडीच्या टपावरून लांब सामान नेहमी नेतो. कार्बनची नळी लोखंडी कॅरियरवर थेट ठेवून रॅचेटचा पट्टा आवळू नका. वाकण्यात ती दणकट आहे, पण एका जागी चेपलं की आतल्या आत तडकते. रुंद फोमचे ठोकळे, शक्यतो तीन ठिकाणी आधार, आणि बकलचे साधे पट्टे हाताने ओढून. घाटात खड्डा बसला की टोक थडथडतं, म्हणून पुढचं टोक बंपरला सैलसर दोरीने धरून ठेवा. मागे लाल कापड विसरू नका.

गंगापूर_वारा

मुंबईला जाऊन आलो. काकांनी सांगितलं तसंच माप घेतलं, माझ्या काठीचं आणि त्या कार्बनच्या काठीचं, दोन्हींचं एकाच आधारांवर.

काठी तब्येतीने उत्तम आहे. टकटक सगळीकडे खणखणीत, डेकपाशी थोडी झीज, बाकी काही नाही. पुढे-मागेचं वाकणं माझ्या सध्याच्या काठीच्या जवळपास आहे. पण आडवी ती माझ्या काठीच्या जेमतेम निम्मीच वाकते, आणि टोकही तसंच कडक. मालक चांगला माणूस. माझं वजन ऐकून तोच म्हणाला की तुम्हाला ही जड जाईल.

एक शंका. फिनवाले कार्बनची काठी बाजूने घासून मऊ करतात असं ऐकलंय. ही स्वस्तात घेऊन वरचा भाग घासून घेतला तर?

कुलाबा_ते_नाशिक

करतात, खरं आहे. मऊ करायला घासतात, कडक करायला वरून धागा चढवतात. पण ते करणाऱ्याला त्या काठीचे थर कुठल्या क्रमाने आहेत ते माहीत असतं, आणि दहा टक्क्यांची दुरुस्ती करायची असते. तुम्हाला आडवं वाकणं जवळपास दुप्पट हवंय. इतकं घासल्यावर काठीत काय उरेल?

अंबडचा_फायबरवाला

काकांशी सहमत. बहुतेक वेळा बाहेरून पहिला थर गोल गुंडाळलेल्या किंवा तिरप्या धाग्यांचा असतो. घासताना आधी तोच जाईल, म्हणजे काठी फारशी मऊ न होता चेपण्याला मात्र कमजोर होईल. नका करू.

खडकवासला_किनारा

ती काठी माझ्या ओळखीत ८८ किलोच्या एकाला हवी आहे. मालकाची परवानगी असेल तर त्यांचा संपर्क मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि तुम्ही नवीच मागवा. ऑर्डर देताना 'कार्बन मास्ट' एवढंच लिहू नका. स्वतःचं वजन, उंची, कुठल्या वाऱ्यात चालवता, शीड कुणाचं, आणि हवं असलेलं वाकणं, सगळं लिहा. चांगला बनवणारा यातलं निम्मं स्वतःच विचारतो.

खर्च धरताना कस्टम्सचा हिशोब फक्त काठीच्या किमतीवर करू नका. ड्युटी लागते ती किंमत अधिक भाडं अधिक विमा यावर, आणि आयजीएसटी त्या ड्युटीसकट रकमेवर. इतक्या लांब वस्तूला कुरिअर भाडंच जबर लावतं. कुणाची बोट किंवा शिडं त्याच बाजूने कंटेनरमधून येत असतील तर त्यांच्यात घाला. दोन तुकड्यांची काठी वर्गाच्या नियमात बसते का आणि बनवणारा देतो का तेही विचारा, वाहतूक खूप सोपी होते.

लेकीची_आई

मुलीने हा सगळा धागा वाचला. तिचं म्हणणं, काका गंगापूरला येतात त्या दिवशी तिला माप घ्यायला शिकायचं आहे. तिची काठी तिला बदलता येणार नसली तरी, दोन तुकडे किती वाकतात ते समजलं तर व्हँग (म्हणजे किकरच) किती ओढायचा ते कळेल असं ती म्हणते.

कुलाबा_ते_नाशिक

तिला नक्की आणा. तिचा प्रश्न बरोबर आहे, व्हँग ओढला की लेझरची काठी खालूनच वाकते.

गंगापूर_वारा

ठरलं. नवी मागवतोय. माझ्या काठीचं माप, वजन-उंची आणि शिडाचे फोटो बनवणाऱ्याला आणि शीडवाल्याला एकाच पत्रात पाठवलेत. आडवं वाकणं सध्याच्या काठीइतकं, टोक किंचित अजून मऊ, पुढे-मागे खालच्या भागात थोडी कडक, असं लिहिलंय. काका, यात काही बदलू का? उत्तर यायच्या आत दुरुस्ती करता येईल.

कुलाबा_ते_नाशिक

टोकाचं 'किंचित' काढा आणि त्या जागी मिलिमीटर लिहा. टोकाला किती किलो टांगून किती खाली गेलं, तो आकडा तुमच्याकडे आहेच. त्यापेक्षा किती जास्त हवं ते सांगा. मी तुमच्या वजनाला दहा टक्के जास्त म्हणेन, त्याहून नको. डिसेंबर-जानेवारीत गंगापूरला वारा पडलेला असतो. तेव्हा फार मऊ टोकाने लीच उगाच उघडी राहते आणि बोट वाऱ्याकडे चढत नाही.

अंबडचा_फायबरवाला

काठी आली की शीड चढवण्याआधी, कोरी असतानाच पुन्हा माप घ्या आणि तारीख टाकून वहीत लिहा. पुढे कधी आपटली किंवा वागणं बदललं असं वाटलं तर तुलनेला तोच एक पुरावा असेल. आधाराचे ठोकळे आणि दहा किलोचं तपासलेलं वजन माझ्याकडे आहे. रविवारी धरणावर घेऊन येतो, तेव्हा मुलीच्या काठीचंही माप घेऊ.